पंप उघडण्याआधी

आमची पिकअप 2004 सालची. अण्णांनी नवी घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे त्यांच्या गुडघ्यांना क्लच झेपेना, तेव्हा 2016 पासून स्टिअरिंग माझ्याकडे आलं. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या बाजूच्या बागांतल्या आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला, मासेमारी सुरू झाली की मिरकरवाडा बंदरावरून बर्फातलं म्हावरं, आणि मधल्या दिवसांत चिरे, शेणखत, लग्नाची भांडी. या गाडीने आमचं घर चालवलं आहे. तिच्या दुखण्यांतून मला जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण तेच प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं.

आधी एक सांगते. हे सगळं डिझेल दाबून सिलिंडरकडे पाठवणाऱ्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल आहे, ज्याला गॅरेजवाले अजूनही ‘मायकोचा पंप’ म्हणतात. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या, गाडीवर डिझेल लाइनचे हे प्रयोग करू नका. तिथे नळ्यांमधला दाब हजार बारच्या वर जातो, आणि चालत्या इंजिनाचा नट सैल केलात तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जुन्या इंजिनातही सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतात, म्हणजे हात तिथेही जपायचाच.

सकाळी लागत नाही, दुपारी लागते

2018 च्या मे महिन्यात गाडीने मला रडवलं. पहाटे चारला सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, लागायचं नाही. मिनिटभर थांबून पुन्हा मारला की खोकत लागायची, दहा सेकंदांत बंद पडायची. चौथ्या-पाचव्या वेळी एकदा धरली की मग दिवसभर काही तक्रार नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, पंप आणि नोझल दोन्ही गेले, पंप कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल, आठ दिवस गाडी उभी राहील. ऐन हंगामात आठ दिवस! मी पैशांची जुळवाजुळव करायला लागले. अण्णा पडवीत बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “बाय, पंप गेला असता तर दुपारी बरा झाला असता काय?”

त्या एका प्रश्नावर मी थांबले. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होतो, म्हणजे रात्रीत काहीतरी बदलतं. डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, म्हणून लाइनमध्ये हवा असली की पंप कितीही फिरला तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. यालाच आपल्याकडे ‘गाडीने हवा घेतली’ म्हणतात.

आता हवा कुठून येते ते शोधायचं. बहुतेक जण इथेच फसतात, मीही फसले होते. आपण डिझेल कुठे गळतंय ते बघतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल खेचणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, लाइन मात्र ओढणारी असते. तिथे बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, नळी कोरडी, आणि तरी दोष तिथेच. ओला डाग दिसतो तो फीड पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला.

दोन हात लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी दुकानातून आणा, डिझेलला टिकणारी. फिल्टर आणि पंपाच्या मधली रबरी नळी काढून तिच्या जागी ही लावा, क्लिपा घट्ट करा, हवा काढून गाडी चालू करा आणि नळीकडे बघत बसा. नितळ डिझेल वाहायला हवं. सोडावॉटरसारखे बुडबुडे सतत येत असतील तर हवा मागून येते आहे. बुडबुडे नसतील तर टाकीकडची बाजू सोडून द्या आणि पुढे बघा.

बुडबुडे दिसले तर दुसरी परीक्षा. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन बॉनेटजवळ, पंपापेक्षा उंच, नीट बांधून ठेवा. टाकीकडून येणारी लाइन फीड पंपापाशी सोडवा आणि कॅनमधून वेगळी नळी तिथे जोडा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. गाडी अशी नीट चालली, तर पंपाला आणि नोझलला काहीही झालेलं नाही. दोष टाकीत किंवा लाइनमध्ये आहे. माझी गाडी त्या दिवशी अंगणात अर्धा तास घड्याळासारखी चालली, आणि मला खरंच रडू आलं.

भोक सापडलं ते डाव्या चॅसिसला लोखंडी नळी जिथे क्लिपेने धरलेली असते तिथे. हौद्यातलं म्हावऱ्याचं खारं पाणी फटीतून बरोबर त्या क्लिपेवर ठिबकत होतं, त्यावर तांबडी माती बसून कायमचा ओला लगदा झाला होता. क्लिप काढली तर खाली नळी चाळणीसारखी. हातभर तुकडा कापून नवा बसवला आणि काम संपलं. तुम्हीही आधी क्लिपा उघडून बघा. मधल्या उघड्या नळीला वारा लागतो, ती टिकते. कुजते ती क्लिपेखालची.

टाकीचं झाकणही तपासा. त्यात बारीक भोक असतं, डिझेल जाईल तशी हवा आत यायला. ते मातीने बुजलं तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान जाते, मग ताकद सोडते आणि बंद पडते. लगेच झाकण उघडलंत तर सुस्कारा ऐकू येतो. तो आला की निदान झालं.

हवा काढायची पद्धत माहीत असते, पण घाईत क्रम चुकतो. टाकीत पुरेसं डिझेल आहे ना, ते बघा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, दोन आटे सैल करा आणि डिझेल लाइनवरचा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग नितळ धार. धार येत असतानाच, हातपंप दाबलेला ठेवून, स्क्रू आवळा. आधी पंप सोडून मग आवळलात तर हवा पुन्हा आत. नंतर पंपावरचा ब्लीड स्क्रू असेल तर तसंच. एवढ्यावर लागली नाही तर चारही नोझलच्या नळ्यांचे नट एकेक आटा सैल करा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, नटांपाशी डिझेल उसळायला लागलं की एकेक आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर तरी विश्रांती. हवा काढण्याच्या नादात लोक सेल्फ जाळतात आणि एकाची दोन दुखणी करून घेतात.

डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्यावेत. आडरानात मिळाले नाहीत तर जुना वॉशर तारेत धरून स्टोव्हवर लाल करा, गार होऊ द्या, राख पुसून वापरा. तांबं तापवलं की मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. साखरप्याच्या अलीकडे एका रात्री चहाच्या टपरीवरच्या स्टोव्हवर मी हे केलं आहे.

सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा

इंजिन फिरतंय पण लागत नाही, अशा वेळी सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काय येतं ते बघायला कुणाला तरी मागे उभं करा. काहीच येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही: हवा, तुंबलेला फिल्टर, रिकामी टाकी, नाहीतर स्टॉप सोलेनॉइड. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग बॅटरी मंद फिरवते आहे का, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, गेलं आहे का, हीटर प्लग असलेलं इंजिन असेल तर ते तापतात का, असा शोध घ्यायचा.

स्टॉप सोलेनॉइड म्हणजे रोटरी पंपावर बसवलेली चावीची झडप. चावी फिरवली की तिला बारा व्होल्ट मिळतात, ती ‘टक’ करून उघडते आणि डिझेलला वाट देते. किनाऱ्यावर हिची वायर कुजणं अगदी नेहमीचं. चावी ऑन करून कान लावा. टक आलं नाही तर टेस्ट लॅम्प लावून वायरीत करंट आहे का बघा. करंट नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घातलेली एक वायर थेट सोलेनॉइडला लावा. टक झालं आणि गाडी लागली, तर पंप ठीक आहे, वायर बदला. फक्त लक्षात ठेवा, अशी थेट वायर लावलेली गाडी चावीने बंद होणार नाही, वायर काढावी लागेल. दुसऱ्या जातीच्या, लाइन पंपाच्या गाड्यांना त्याऐवजी ओढायची स्टॉप केबल असते. ती गंजून अर्ध्यावर अडकली तरी हीच लक्षणं.

पावसाळ्यात फिल्टरच्या बुडाची तोटी दर आठवड्याला उघडते मी. काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेऊन पाच मिनिटं ठेवायचं, पाणी तळाला बसतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर ओल्या हवेत उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ते डिझेलखाली जमतं. म्हणून जून ते सप्टेंबर संध्याकाळी टाकी भरून ठेवलेली बरी. पैसे अडकतात, पण पंपाच्या आत गंज शिरण्यापेक्षा परवडतं.

अर्थिंग

समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी हे मन लावून वाचावं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे इथला पत्रा उन्हातही पूर्ण कोरडा नसतो, आणि खारट ओल गंजाचं काम झपाट्याने करते. गाडीत प्लसच्या वायरी जागोजागी जातात, परतीची वाट, म्हणजेच अर्थ, मात्र चॅसिस आणि बॉडीमधून असते. ती वाट गंजली की करंट भलत्याच रस्त्याने परततो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की डिझेलचा काटा हलतो, वायपर चालू केला की हॉर्न बसतो. अशी विचित्र लक्षणं एकत्र दिसली की बल्ब आणि स्विच बदलत बसू नका. अर्थ शोधा.

सेल्फ नुसता टक करतो आणि फिरत नाही, किंवा मरगळून फिरतो, तेव्हा पहिला बळी बॅटरीचा जातो. लोक नवी बॅटरी आणतात, दोन दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. बॅटरीवर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असली तर चांगली, 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळू नये. बॅटरी ठीक असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंट्यावर ठेवा (क्लॅम्पवर नाही, खुंट्यावरच) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर तेवढा जोर वाटेतच गळतो आहे.

मीटर नसेल तर जंप केबल काढा. काळी केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिन ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. दणक्यात फिरला तर निदान पक्कं: इंजिन ते चॅसिस जाणारी अर्थपट्टी कुजली आहे. ही विणलेल्या तांब्याची पट्टी इंजिनच्या खालच्या अंगाला, चिखलाच्या वाटेवरच असते. वरून शाबूत दिसते, बोल्ट काढला की खाली हिरवी पूड.

दुरुस्ती सोपी, पण कष्टाची. मायनस आधी काढा. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. रंग ठेवायचा नाही, तांबडेपणाही नाही. घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी फासून आवळणारे बरेच आहेत. माझं मत, कोरडं लोखंड लोखंडाला टेकवा आणि मग झाका. बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. मी वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि हंगामाच्या आधी, सगळ्या अर्थांचा फेरा मारते. अख्खी सकाळ जाते.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले की डायनामो भरतो आहे. पावसात बेल्ट किंचाळतो तेव्हा त्यावर साबण घासू नका, ताण बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर दबावा.

घाटातला ब्रेक

आंबा घाट उतरताना ब्रेकचं पायडल दगडासारखं कडक लागलं तर काय होतं, हे मी एकदाच अनुभवलं आहे, पेट्या उतरवून परत येताना. रिकामी गाडी होती म्हणून सेकंड गिअरवर खाली आणता आली. त्यानंतर दर लांबच्या फेरीआधी मी ही परीक्षा करते, आणि तिला अर्धं मिनिट लागतं.

इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि गाडी चालू करा. पायडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं तर बूस्टरला, म्हणजे ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळतो आहे. नाही बसलं तर घाटाचं नाव काढू नका.

पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच ओढतं. डिझेलला तशी थ्रॉटल नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या पिकअपना तो डायनामोच्या पाठीवर बसवलेला असतो, इंजिन ऑइलवर चालणारा. बूस्टरकडची जाड नळी काढून, इंजिन चालू ठेवून, टोकावर अंगठा धरा. अंगठा ओढला जायला हवा. ओढ चांगली असेल तर बूस्टर किंवा त्याचा एकदिशी व्हॉल्व्ह बघा. ओढ नसेल तर नळी चिरली आहे का, आतून चिकटून बसते का, आणि मग पंप. नळीत ऑइल सापडलं किंवा डायनामो तेलाने माखला असेल तर पंपाचे सील गेले. तेव्हा इंजिन ऑइलची पातळीही मोजा, कारण ते ऑइल तिथूनच कमी झालेलं असतं. डायनामोचा बेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते, म्हणून जादा बेल्ट माझ्या सीटखाली कायम असतो. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे, गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडून सांगते, बंद इंजिनात व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

पायडल स्पंजासारखं लागतं तेव्हा लाइनमध्ये हवा असते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली. गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूच्या चाकातला ब्रेकचा सिलिंडर गंजून अडकलेला असतो. मागचे ड्रम काढून बघा, रबरी टोपीखाली ओल दिसली की सिलिंडर बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ओलसर ऑइल लवकर उकळतं, आणि उकळलं की वाफ दाबली जाते आणि पायडल तळाला टेकतं. कोकणातल्या हवेत दोन वर्षांच्या वर ते ठेवू नये. वाहनाच्या पुस्तकात डॉट 3 की डॉट 4 लिहिलंय ते बघून सीलबंद डबाच घ्यावा, घरात उघडा पडलेला अर्धा डबा नको. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे साधारण मागच्या डाव्यापासून सुरुवात.

पावसात साकवावरून किंवा भरल्या रस्त्यातून गेलात की ड्रममध्ये पाणी शिरतं. पुढे शंभर-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबत चला, ते सुकतात.

तापणं आणि धूर

घाट चढताना काटा वर गेला की थांबा, इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बो असेल तर विशेषच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. गार झाल्यावर आधी बाहेरून बघा. चिरेखाणीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत तांबड्या मातीचं अक्षरशः प्लास्टर होतं. बागेच्या नळाच्या हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. जोराची धार पत्रे वाकवते. माझं गाडी तापण्याचं दुखणं दोनदा याच धुण्याने गेलं आहे.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह. काढून पातेल्यात पाण्यात दोरीने लोंबता सोडा आणि चुलीवर ठेवा. त्याच्यावर अंश छापलेले असतात, पाणी उकळायच्या आत तो उघडला पाहिजे. न उघडणारा फेका, पण थर्मोस्टॅट काढून तशीच गाडी चालवायची सवय लावून घेऊ नका. थंड इंजिन जास्त झिजतं आणि जास्त डिझेल पितं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं.

हेड गॅसकेटचा संशय असेल तर थंड इंजिनावर झाकण काढून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर इंजिन गारच असताना वरची रबरी नळी दगडासारखी फुगली, तर गॅस पाण्यात शिरतो आहे. ऑइलच्या दांडीवर दुधी चहासारखा रंग दिसला तर गाडी चालवू नका. हे काम मिस्त्रींचं.

धुराबद्दल थोडक्यात. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: आधी एअर फिल्टर झटका, मग टर्बोच्या रबरी नळ्यांच्या क्लिपा, नोझल शेवटी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा. ते नाचून खाली पडलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

एकच सिलिंडर मार खातो आहे असं वाटलं तर आयडलवर एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करा, वरून जाड फडकं टाकून, चष्मा लावून, बोट दूर ठेवून. नट सैल केल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही तो आजारी. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दुखणं नोझलबरोबर गेलं तर एकच नोझल करून घ्या, चार नाही. जागेवरच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटलं, चावी काढूनही थांबेना, असं क्वचित होतं. तेव्हा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडा, किंवा हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडावर लाकडी फळी दाबा. हात लावू नका.

बुडालेली गाडी

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा माझ्या मामेभावाची पिकअप बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्याने आनंदाने सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी सोडवा. एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर चारही नोझल काढा आणि इंजिन पान्याने हाताने फिरवा, पाणी भोकांतून बाहेर पडू द्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल बदला, टाकी रिकामी करा, आणि मगच सेल्फ. नुसत्या चाकभर पाण्यातून गेलात तरी डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, बघा. गरम हौसिंग पाण्यात गार होताना तिथून पाणी आत ओढतं. ऑइल पांढरट झालं असेल तर बदला.

बाकीचं

क्लच घसरतो का ते बघायला सपाटीवर हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपली. गिअर टाकताच खालून ‘ठक’ आलं तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, झिजला आहे. शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून बघा आणि ग्रीस गन मारण्यात आळस करू नका. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की मागचा एक्सल किंचित सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून चालणाऱ्याला ते आधी दिसतं.

जॅक लावताना खाली चिरा ठेवू नका. भिंतीत वर्षानुवर्षं टिकणारा जांभा एका बिंदूवर भार आला की भुगा होतो, आणि तुम्ही खाली असता. सागाचा किंवा फणसाचा जाड ओंडका ठेवा, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, चॅसिसखाली दुसरा ओंडका हवाच.

चॅसिस दरवर्षी पासिंगच्या आधी हातोडीने वाजवून बघते मी. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तिथे आतून पोकळ झालं आहे. पाट्यांचे हँगर आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या आधी जातात. गंजावरच डांबर कोटिंग मारून घेणारे खूप आहेत. ते ओल आत कोंडतं आणि पासिंगपुरतं छान दिसतं. खरवडा, रेड ऑक्साइड लावा, सुकवा, मग रंग. चॅसिसला पाणी निघायची भोकं असतात, ती मोकळी ठेवा. जळकं ऑइल खालून फासायची जुनी पद्धत अण्णांचीही होती. मी सोडली, कारण ते ब्रेकच्या रबरी नळ्या फुगवतं आणि बागेत ठिबकतं.

म्हावऱ्याची फेरी झाली की त्याच रात्री, कितीही उशीर झाला तरी, हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुते. नळी डाव्या चॅसिसच्या त्या क्लिपेवर जरा जास्त वेळ धरते.